सांडपाण्याच्या गाळातली प्रतिरोधक जनुकं रसायनांनी कशी मोडायची: जार टेस्टपासून पडताळणीपर्यंत

चुना घालून चोवीस तास ठेवलेला गाळ कोलिफॉर्म जीवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरला की दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी करकरीत मिळते. पाहणाऱ्याला वाटतं, काम फत्ते. पण त्याच नमुन्यातून डीएनए काढून क्यूपीसीआर (एखाद्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजणारी चाचणी) लावा आणि सुल-१ या सल्फा औषधांना दाद न देणाऱ्या जनुकाचा आकडा पाहा. कित्येकदा तो जेमतेम हललेला असतो. जीवाणू मेले, त्यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या मात्र शाबूत राहिल्या. प्रतिजैविकाला दाद कशी द्यायची नाही, हे त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं आणि पडलेली चिठ्ठी दुसरा जिवंत जीवाणू उचलू शकतो.

हा लेख त्या चिठ्ठ्या फाडण्याबद्दल आहे. सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे आणि गाळावर प्रकल्प करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. सामू मीटर, सुकवण्याची भट्टी, धूर ओढणारं कपाट आणि क्यूपीसीआर करून देणारं कोणीतरी, एवढं हाताशी आहे असं धरतो.

नेमकं काय मोडायचंय

सक्रिय गाळाच्या पद्धतीत आपण जीवाणूंनाच कामाला लावतो आणि मग त्यांना तळाशी बसवतो. साहजिकच सांडपाण्यातून आलेली बरीचशी प्रतिरोधक जनुकं शुद्ध पाण्याबरोबर न जाता गाळात उतरतात. एक ग्रॅम सुक्या गाळात सुल-१ च्या प्रती अनेकदा अब्जांच्या घरात सापडतात.

ही जनुकं तीन ठिकाणी दडलेली असतात. पहिलं ठिकाण जिवंत पेशी, तिथे ती गुणसूत्रावर किंवा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राहून वेगळ्या, छोट्या वर्तुळाकार डीएनएवर) असतात. दुसरं म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला मोकळा डीएनए, जो मातीच्या कणांना, ह्युमिक (कुजून उरलेल्या सेंद्रिय) पदार्थांना आणि पेशींभोवतीच्या चिकट आवरणाला धरून बसतो. तिसरं ठिकाण जीवाणुभक्षक विषाणूंचं कवच. रसायनाला आधी आवरण भेदायचं, मग पेशीभित्तिका फोडायची आणि शेवटी डीएनएपर्यंत पोचून तो तोडायचा असतो. बहुतेक उपचार दुसऱ्या टप्प्यावर दमतात. पेशी फुटली, डीएनए बाहेर आला आणि रसायन संपलं, तर आपण जनुक मोकळं करून दिलं एवढंच.

दुसरी फसगत स्थलांतराची. घाण गोळा करून तळाशी बसवणारं फेरिक क्लोराइड किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड घातल्यावर पाण्यातली जनुकं झपाट्याने घटतात, कारण ती गाळाच्या केकमध्ये (पिळून घट्ट झालेल्या गाळात) जाऊन बसतात. याला काढून टाकणं म्हणायचं नाही.

चुन्याबद्दल एक कडू गोष्ट

आरएनए आम्लारीत पटकन तुटतो, कारण त्याच्या शर्करेवर दुसऱ्या कार्बनला एक जास्तीचा हायड्रॉक्सिल गट असतो आणि तोच शेजारच्या फॉस्फेट बंधावर हल्ला करतो. डीएनएत तो गट नाही. म्हणून सामू १२ ला डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात, पण पट्टी सहजासहजी तुटत नाही.

याहून मजेशीर गोष्ट म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळा १९७९ पासून आम्लारी वापरूनच प्लाझ्मिड शुद्ध करतात. सोडियम हायड्रॉक्साइड आणि साबणासारखं रसायन घालून पेशी फोडायची, सामू १२ च्या वर न्यायचा, मग तो झटकन खाली आणायचा. गुणसूत्राचा गुंता होऊन तो खाली बसतो. प्लाझ्मिडची दोन वर्तुळं मात्र एकमेकांत अडकलेली असल्यामुळे ती पुन्हा नीट जुळतात आणि वर द्रावणात राहतात. आता चुना घातलेला गाळ उघड्यावर पडला, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू हळूहळू उतरला, तर काय काय घडू शकेल याचा विचार करा. नुसता थंड चुना हा माझ्या लेखी रोगजंतूंसाठीचा उपाय आहे. जनुकांसाठी त्याला उष्णतेची किंवा ऑक्सिडीकारकाची जोड लागतेच.

पायरी १: आपला गाळ ओळखा

मात्रा नेहमी सुक्या घन पदार्थावर ठरते, बादलीवर नाही. म्हणून १०५ अंशांवर सुकवून एकूण घन पदार्थ आणि ५५० अंशांवर जाळून त्यातला सेंद्रिय भाग काढा. टाकाऊ सक्रिय गाळात घन पदार्थ साधारण अर्धा ते एक टक्का, घट्ट केल्यावर तीन ते पाच टक्के आणि यंत्रातून पिळलेल्या केकमध्ये १८ ते २५ टक्के असतात. एकच टक्केवारी गृहीत धरून महिनाभर चुना टाकत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. केक ओला आला की मात्रा जास्त, कोरडा आला की कमी पडते आणि दोष मग चुन्याला जातो.

सामू आणि अल्कधर्मिता (गाळाची आम्ल रिचवण्याची क्षमता) मोजाच. अमोनिया आणि सल्फाइडही मोजून ठेवा, पुढे जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी त्यांच्याशी जोडलेल्या आहेत. केंद्रात आधीपासून लोहाचे क्षार वापरत असतील तर तेही टिपून ठेवा.

पायरी २: कोणती जनुकं मोजायची ते ठरवा

शेकडो जनुकांची यादी पाहून हुरळून जाऊ नका. चार-पाच पुरतात. सुल-१ घ्या, कारण ते वर्ग-१ इंटिग्रॉनच्या (जनुकं पकडून रांगेत बसवणाऱ्या डीएनएच्या भागाच्या) टोकाला बसलेलं असतं आणि हट्टी आहे. त्याच्या जोडीला इंट-आय-१ घ्या. इंटिग्रॉनचा इंटिग्रेज एन्झाइम हे जनुक बनवतं, त्यामुळे जनुकांची ने-आण किती शक्य आहे याचा अंदाज येतो. टेट-डब्ल्यू किंवा टेट-एम (टेट्रासायक्लिनविरुद्धची), अर्म-बी (एरिथ्रोमायसिनविरुद्धचं) आणि बीटा-लॅक्टमेजचं (पेनिसिलिन गटाविरुद्धचं) एखादं जनुक एवढं घेतलं की चित्र पुरेसं दिसतं. एकूण जीवाणूंचा अंदाज यावा म्हणून १६-एस आरआरएनएचं जनुक प्रत्येक नमुन्यात हवंच.

पायरी ३: रसायन निवडा

क्लोरीनचा विचार सर्वांत आधी डोक्यात येतो आणि सर्वांत आधी सोडून द्यावा तोही तोच. क्लोरीन अमोनियाशी आधी लग्न लावतो. अमोनिया पूर्ण संपवून मोकळा क्लोरीन उरायला नायट्रोजनच्या वजनाच्या सुमारे ७.६ पट क्लोरीन लागतो. डायजेस्टरमधून (गाळ हवेविना कुजवणाऱ्या टाकीतून) आलेल्या गाळात लिटरला १००० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल, तर लिटरमागे साडेसात ग्रॅमहून जास्त क्लोरीन नुसता अमोनिया खाईल. शिवाय सेंद्रिय पदार्थांशी मिळून क्लोरीनची नको ती संयुगं तयार होतात.

ओझोन चांगला आहे, पण यंत्र आणि वीज दोन्ही खाणारा. सुक्या घन पदार्थाच्या ग्रॅममागे ०.०५ ते ०.१ ग्रॅमच्या आसपासच्या मात्रेत पेशी फुटतात, गाळ कमी होतो आणि मोकळा डीएनए मात्र वाढलेला दिसू शकतो. ओझोन वापरणाऱ्याने पेशीबाहेरचा डीएनए वेगळा मोजला नसेल तर त्याच्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

परसल्फेट उष्णतेने किंवा फेरस लोहाने जागं करता येतं. त्यातून निघणारा सल्फेट मूलक (अतिक्रियाशील कण) जोरकस असतो. मात्र प्रत्येक ग्रॅम सोडियम परसल्फेटमागे सुमारे ०.८ ग्रॅम सल्फेट गाळात उरतं. तो गाळ पुढे डायजेस्टरमध्ये जाणार असेल, तर तिथले सल्फेटखाऊ जीवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात आणि मिथेन घटतो. परसल्फेट वापरायचंच तर डायजेस्टरनंतर वापरा.

मोकळं नायट्रस आम्ल डायजेस्टरच्या आधीच्या गाळासाठी वापरतात. सामू ५.५, नायट्राइट-नायट्रोजन लिटरला २५० मिलिग्रॅम आणि तापमान २५ अंश असेल, तर मोकळ्या नायट्रस आम्लाचं प्रमाण लिटरला सुमारे १.८ मिलिग्रॅम नायट्रोजन इतकं येतं आणि एका दिवसाच्या संपर्कात बहुतेक पेशी खलास होतात. हे आम्ल डीएनएच्या बेसवरचे अमाइन गट काढतं, म्हणजे चिठ्ठीवरची अक्षरं बदलतं, चिठ्ठी फाडतंच असं नाही.

राहता राहिले चुना आणि फेंटन, म्हणजे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी. माझा कल या दोघांकडे आहे, कारण दोन्हींना लागणारा माल साधा आहे आणि दोन्ही पिळण्याच्या टप्प्यालाही मदत करतात. गाळ केक झालेला असेल तर कळीचा चुना, पातळ असेल तर फेंटन, हा माझा ढोबळ नियम.

रसायन कोणतंही असो, अर्धवट मात्रा टाळा. डीएनएला थोडीशीच इजा झालेला जीवाणू एसओएस प्रतिसाद, म्हणजे डीएनए दुरुस्तीची आणीबाणीची यंत्रणा, सुरू करतो आणि त्याच प्रतिसादात इंटिग्रॉनचा इंटिग्रेजही जागा होतो. काटकसर म्हणून निम्मी मात्रा टाकणं हे कधीकधी काहीच न टाकण्याहून वाईट ठरू शकतं.

पायरी ४: कळीच्या चुन्याची चाचणी

आधी नुसत्या सामूचा हिशेब. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १९९३ च्या गाळविषयक नियमांत ठरवून दिलेली चुन्याची कसोटी जगभर संदर्भासाठी वापरली जाते. चुना मिसळल्यावर दोन तास सामू १२ किंवा वर आणि पुढचे बावीस तास आणखी चुना न घालता ११.५ च्या वर राहिला पाहिजे. सामू २५ अंशांना धरून सांगितलेला आहे, गरम केकमध्ये मीटर बुडवून आलेला आकडा सरळ लिहू नका.

टाकाऊ सक्रिय गाळाला सुक्या घन पदार्थाच्या ग्रॅममागे सरासरी ०.३० ग्रॅम विरलेला (पाण्यात विझवलेला) चुना लागतो, कक्षा साधारण ०.२१ ते ०.४३. प्राथमिक गाळाला त्याच्या निम्म्याहूनही कमी, सरासरी ०.१२. चार टक्के घन पदार्थांचा एक लिटर सक्रिय गाळ घेतला तर ४० ग्रॅम सुका माल, म्हणजे सुरुवात १२ ग्रॅम विरलेल्या चुन्याने. कळीचा चुना असेल तर तेच ९ ग्रॅम. पाच भांडी मांडा (जार टेस्ट म्हणतात ती हीच), मात्रा ०.२ पासून ०.५ पर्यंत वाढवत न्या, आणि अर्ध्या तासाने, दोन तासांनी, चोवीस तासांनी सामू नोंदवा. चोवीस तासांचा आकडा ११.५ च्या खाली घसरलेला दिसेल त्या भांड्याची मात्रा कमी पडली.

आता उष्णतेचा हिशेब, जो जनुकांसाठी खरा महत्त्वाचा. कळीचा चुना पाण्यात विरताना किलोमागे सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता देतो. एक किलो केक घ्या, त्यात २० टक्के घन पदार्थ. म्हणजे ८०० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम सुका माल. हा गोळा २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ११० किलोज्यूल लागतात, म्हणजे शुद्ध कळीचा चुना सुमारे १०० ग्रॅम. बाजारचा चुना शंभर नंबरी नसतो, भांडंही उष्णता खातं, त्यामुळे प्रत्यक्षात १२० ते १४० ग्रॅमपासून सुरुवात करा. वरच्याच नियमावलीत वरच्या दर्जाच्या गाळासाठी सामू १२ च्या वर ७२ तास आणि त्यातले १२ तास तापमान ५२ अंशांच्या वर अशी जोड-अट आहे. जनुकांसाठी मी तीच किमान धरतो. उष्णतेत पेशीतले रक्षक एन्झाइम निकामी होतात, आवरण विरघळतं, आणि सुट्या झालेल्या पट्ट्यांवरचे कमकुवत सांधे उकलायला लागतात.

थर्मामीटर गोळ्याच्या मध्यभागी खुपसा, कडेला नाही. भांडं थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, नाहीतर एक किलोचा गोळा तासाभरात थंड होतो आणि मोठ्या ढिगाला जे जमेल ते छोट्या नमुन्यात दिसतच नाही. मिसळणं ही इथली खरी कसोटी. चाचणीत केक मोडून पाहा. पांढरे खडे दिसत असतील तर खड्याभोवती सामू १२ आणि बोटभर अंतरावर ९, असा प्रकार असतो. चुना बारीक दळलेला हवा आणि मिसळणी दोन पात्यांच्या यंत्रात.

आणि अमोनिया. सामू ९.२५ ला अमोनिया आणि अमोनियम निम्मे-निम्मे असतात, १२ ला जवळजवळ सगळा वायू. गरम केकवर वाकून पाहायला गेलात तर डोळे मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. उघड्या खोलीत, वायुवीजनात, चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करावं. कळीचा चुना ओल्या कातडीवर भाजतो. आधी तो कोरडा झटकून टाकायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं.

पायरी ५: फेंटनची चाचणी

१८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडीकरण होतं हे नोंदवलं. तेच रसायन आपण गाळात वापरतो. फेरस लोह पेरॉक्साइडला फोडतं आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. त्याचं विभव, म्हणजे ऑक्सिडीकरणाची ताकद, सुमारे २.८ व्होल्ट, ओझोनहूनही वर. तो डीएनएच्या शर्करेतला हायड्रोजन ओढून काढतो आणि कणा तुटतो. चुन्याला जे जमत नाही ते हा करतो. अडचण एवढीच की तो जनुकाला ओळखत नाही, वाटेत जे भेटेल त्यावर तुटून पडतो. गाळात वाटेत भेटणारं खूप आहे. म्हणून स्वच्छ पाण्यातल्या प्रयोगांचे तीन-चार लॉगचे आकडे गाळाकडून मागू नका. इथे एक लॉग, म्हणजे ९० टक्के घट, मिळाली तर मी समाधानी असतो.

सर्वोत्तम सामू ३ च्या आसपास. पण आम्ल ओतण्याआधी अल्कधर्मितेचा आकडा पुन्हा पाहा. डायजेस्टरच्या गाळाची अल्कधर्मिता लिटरला ३००० मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट इतकी असेल, तर नुसतं बायकार्बोनेट संपवायला लिटरमागे दीड मिलिलिटरहून थोडं जास्त तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे दीड लिटर भरतो. एक लिटर गाळातून दीड लिटर वायू! हे गणित मी आधी केलं नव्हतं. लिटरच्या चंचुपात्रात आठशे मिलिलिटर गाळ घेऊन आम्ल एकदम ओतलं, आणि काळा फेस पात्राबाहेर, टेबलावर, तिथून वहीवर. त्या वहीचं एक पान अजूनही तपकिरी आहे. भांडं गाळाच्या किमान तिप्पट घ्या, आम्ल आधी पातळ करून थेंबाथेंबाने द्या.

फेसाने कपडे खराब होतात. हायड्रोजन सल्फाइडने जीव जातो. सामू ७ च्या खाली गेला की गाळातलं सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतं. शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं समजणारा फसतो. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच. मोठ्या टाकीवर वायुमापक गळ्यात असल्याशिवाय कोणीही वाकायचं नाही.

आता मात्रा. दोन टक्के घन पदार्थांचा एक लिटर गाळ म्हणजे २० ग्रॅम सुका माल. ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम पेरॉक्साइड धरलं तर एक ग्रॅम लागेल. ३० टक्के पेरॉक्साइडच्या द्रावणात मिलिलिटरला सुमारे ०.३३ ग्रॅम असतं, म्हणजे ३ मिलिलिटर. लोह आणि पेरॉक्साइडचं मोलर प्रमाण १:१० ठेवलं तर सात पाणी असलेलं फेरस सल्फेट ०.८ ग्रॅम, १:५ ठेवलं तर १.६ ग्रॅम. मात्रेची शिडी अशी लावा: पेरॉक्साइड ग्रॅममागे २५, ५०, १००, १५० मिलिग्रॅम.

क्रम पाळा. सामू ३ वर आणा, फेस बसू द्या. मग फेरस सल्फेट घालून पाच मिनिटं ढवळा. मग पेरॉक्साइड चार-पाच हप्त्यांत, पंधरा-वीस मिनिटांत. एकदम ओतलं तर जास्तीचं पेरॉक्साइडच हायड्रॉक्सिल मूलकाला गिळून टाकतं. नंतर तासभर ते दीड तास ढवळत ठेवा. गाळाचा रंग काळ्यावरून गंजासारखा तांबूस होतो. तो झालाच नाही तर फेरस सल्फेट जुनं होऊन आधीच फेरिक झालेलं नाही ना, ते तपासा. हिरवट खडे पिवळे पडले असतील तर ती पुडी बाजूला ठेवा.

तुलनेची भांडी विसरू नका: नुसता गाळ, नुसतं आम्ल, आम्ल आणि लोह, आम्ल आणि पेरॉक्साइड. नुसत्या आम्लानेच किती काम झालं हे कळलं नाही तर श्रेय चुकीच्या रसायनाला जातं.

शेवटी सामू परत वर आणायचा असतोच. तो ७ वर थांबवण्याऐवजी चुन्याने १२ पर्यंत नेऊन पाहा. आम्लात, विशेषतः गरम आम्लात, डीएनएवरचे प्युरिन बेस गळतात आणि कण्यात रिकाम्या जागा राहतात. त्या रिकाम्या जागा आम्लारीत तुटतात. प्रयोगशाळेत लांब डीएनए पडद्यावर उतरवण्यापूर्वी तो तोडायला नेमकं हेच, आधी आम्ल मग आम्लारी, करतात. आधी चुना आणि मग आम्ल केलंत तर हा फायदा हातचा जातो. चुना बराच लागेल हे मान्य, पण पिळण्याला तो उपयोगी पडतो.

पायरी ६: विक्रिया थांबवा, मग नमुना घ्या

पेरॉक्साइड उरलेलं असेल तर नमुन्याच्या नळीतही डीएनए तुटत राहतो आणि निकाल आहे त्यापेक्षा गोजिरा दिसतो. चाचणी पट्टीने उरलेलं पेरॉक्साइड पाहा, कॅटलेज एन्झाइम किंवा सोडियम थायोसल्फेट घालून ते संपवा, मग नमुना बर्फावर. प्रत्येक भांड्याचे तीन नमुने घ्या. त्याच दिवशी डीएनए काढणार नसाल तर उणे ८० अंशांवर गोठवा. सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, सेंद्रिय भाराचं माप) मोजणार असाल तरीही पेरॉक्साइड संपवलेलं असावं, ते सीओडीचा आकडा फुगवतं.

पेशीतला आणि पेशीबाहेरचा डीएनए वेगळा करा. गाळ सामू ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये हलवून धुवा, फिरवा, वरचं पाणी ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. गाळणीखाली आला तो बाहेरचा, उरला तो आतला.

पायरी ७: आकड्यांनी फसू नका

पहिली फसवणूक लोहाची. फेंटननंतर सामू वर नेला की फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबडा साका बसतो, आणि डीएनए आपल्या फॉस्फेटांनी त्याला घट्ट चिकटतो. डीएनए काढण्याच्या किटमधून तो सुटत नाही. आकडा घसरतो, आपण टाळ्या वाजवतो. एकदा मला जवळपास दोन लॉगची घट मिळाली होती. उपचार झालेल्या थंड गाळात ओळखीचं प्लाझ्मिड मुद्दाम टाकून परत काढून पाहिलं, तेव्हा त्यातलंही जेमतेम दहावा हिस्सा हाती आलं. म्हणजे दोनपैकी एक लॉग साक्यात लपला होता. गाळात न सापडणारं एखादं ज्ञात अनुक्रमाचं प्लाझ्मिड प्रत्येक उपचारित नमुन्यात घाला, परत किती मिळतं ते लिहा आणि निकाल त्या प्रमाणात सुधारा. यासाठी वेळ नसेल तर क्यूपीसीआरवर पैसे घालवू नका.

दुसरी फसवणूक तुकड्याच्या लांबीची, आणि ही उलट दिशेची आहे. सुल-१ जनुक सुमारे ८४० बेस जोड्यांचं. क्यूपीसीआर त्यातला १६० च्या आसपासचा तुकडाच पाहतं. समजा ऑक्सिडीकरणाने दर ५०० बेस जोड्यांमागे सरासरी एक घाव बसला. घाव यादृच्छिक असतील तर १६० चा तुकडा शाबूत राहण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के, पूर्ण जनुक शाबूत राहण्याची सुमारे १९ टक्के. क्यूपीसीआर म्हणेल चौथा हिस्साच गेला, प्रत्यक्षात पाचातली चार जनुकं निकामी झालेली असतील. म्हणून त्याच जनुकाच्या लांब तुकड्यासाठी प्रायमरची (कोणता तुकडा मोजायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या टोकांची) आणखी एक जोडी ठेवा. दोन लांब्यांच्या आकड्यांत दरी दिसली तर रसायन खरोखर डीएनएपर्यंत पोचलं आहे. दोन्ही सारखेच घसरले असतील तर डीएनए तुटण्याऐवजी कुठेतरी चिकटला असल्याची शंका घ्या.

तिसरी फसवणूक चुन्याच्या वजनाची. ४० ग्रॅम सुक्या मालात १२ ग्रॅम चुना घातला की तो ५२ ग्रॅम होतो. काहीही न तुटता ग्रॅममागच्या प्रती २३ टक्क्यांनी कमी दिसतात. गरम केकच्या उदाहरणात तर ही खोटी घट ४० टक्क्यांवर जाते. निकाल नेहमी मूळ गाळाच्या सुक्या ग्रॅमवर मांडा. ऑक्सिडीकारकाने सेंद्रिय घन पदार्थ विरघळले असतील तर हीच चूक उलटी होते.

ह्युमिक पदार्थ पीसीआरच अडवतात, त्यासाठी डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. आकडा दहापट उतरायला हवा, कमी उतरला तर अडथळा होता. आणि १६-एसशी गुणोत्तर काढताना निखळ प्रतीही शेजारी लिहा. एकूण जीवाणू जास्त घटले आणि जनुकं त्यामानाने कमी घटली, तर गुणोत्तर वाढलेलं दिसतं, घाबरायचं कारण नसतं.

पायरी ८: पिळलेलं पाणी आणि नंतरचे दोन आठवडे

उपचार केलेला गाळ पिळल्यावर निघणारं पाणी बहुतेक केंद्रांत सुरुवातीच्या टाकीकडे परत जातं. त्यात मोकळा डीएनए भरपूर असेल तर आपण जनुकं पुढच्या दाराने काढून मागच्या दाराने आत घेतली. या पाण्याची गाळणीखालची जनुकं मोजा. फेंटनच्या आम्लात तांबं आणि जस्तही विरघळून पाण्यात उतरतं, तेही तपासा. धातूंच्या सान्निध्यात प्रतिरोधक जीवाणूच तग धरतात, त्यामुळे त्यांना परत पाठवणं दुहेरी नुकसानीचं.

केकचं काम अजून संपलेलं नाही. उष्णतेच्या उपचारांनंतर डायजेस्टरमध्ये गेलेल्या गाळात जनुकं पुन्हा वर येताना दिसली आहेत, कारण मोकळं झालेलं सेंद्रिय खाद्य आणि स्पर्धेविना मोकळी जागा नव्या जीवाणूंना मिळते. म्हणून उपचारित केकचे तीन भाग करा. एक तसाच झाकून ठेवा, एकाचा सामू कार्बन डायऑक्साइडने ८ पर्यंत उतरवा, आणि तिसऱ्याचा सामू उतरवून त्यात एक टक्का कच्चा गाळ मिसळा. प्रत्यक्षात ट्रॉली, फावडं, शेड यांतून तेवढा संसर्ग होतोच. तिन्ही खोलीच्या तापमानाला ठेवून शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी सुल-१, इंट-आय-१ आणि १६-एस मोजा. पहिल्या भागाचा आकडा स्थिर आणि तिसऱ्याचा चढता असेल तर मात्रा वाढवून फायदा नाही, केक साठवण्याची जागा आणि अवजारं वेगळी करावी लागतील. दुसराच चढला तर चुना कमी पडला आहे, पायरी ४ वर परत जा.